पावर स्टेअरिंगचं ऑइल घरी कसं तपासायचं आणि किती घालायचं?

तुमचा प्रश्न असा: डिचोलीला राहता, गाडी २०११ची डिझेल इनोव्हा. सकाळी अंगणातून गाडी वळवताना पुढून घूं... असा आवाज येतो, स्टेअरिंग जड लागतं. फिटरने पाहून ‘ऑइल कमी झालंय, घालून घ्या’ एवढंच सांगितलं. ते घरी जमेल का, कुठलं घालायचं, किती घालायचं?

घरी नक्की जमेल. मात्र हे ऑइल वापरून संपत नाही, हे आधी लक्षात घ्या. इंजिन ऑइल थोडं जळतं. ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतील तशी उतरते. पावर स्टेअरिंगचं ऑइल मात्र पंप, होज पाइप, रॅक (पुढची चाकं वळवणारा दांड्याचा भाग) आणि टाकी एवढ्यातच फिरत राहतं. ते कमी झालं असेल तर कुठून तरी बाहेर गेलं आहे. त्यामुळे वरून ऑइल घालून काम निम्मंच होतं, उरलेलं निम्मं म्हणजे ते कुठून गेलं हे शोधणं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग असतं, त्यात ऑइल नसतंच. बॉनेटखाली स्टेअरिंगचं चित्र असलेलं झाकण सापडत नसेल तर आधी गाडीचं पुस्तक बघा. अशा गाडीचं स्टेअरिंग जड झालं तर गॅरेजमध्ये स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावावा लागतो. जुनी इनोव्हा आणि इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, सुमो, इंडिका, क्वालिस यांच्यात ऑइल असतं.

आता तपासणी. गाडी सपाट जागी लावा, अंगण उतरतं असेल तर टाकीतली पातळी फसवते. टाकीवर किंवा झाकणाच्या पट्टीवर सहसा गरम आणि थंड अशा दोन्ही अवस्थांच्या खुणा असतात. टोयोटाच्या हिशेबाने थंड म्हणजे गाडी सुमारे ५ तास बंद, ऑइल १० ते ३० अंश सेल्सिअस. गरम म्हणजे २० मिनिटं चांगली पळवून आलेली, ऑइल ६० ते ८० अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी बंद असली तरी ‘थंड’ नसते, म्हणून सकाळीच बघा. काही गाड्यांवर फक्त मिन आणि मॅक्स असतं. त्यांची पातळी थंड की गरम ऑइलवर बघायची, ते पुस्तकात दिलेलं असतं.

झाकण उघडण्याआधी ते आणि आजूबाजूचा भाग फडक्याने नीट पुसा. हे फालतू काम वाटेल, पण पंपाच्या आत पातळ पाती घासत फिरत असतात आणि आपल्या तांबड्या धुळीचा बारीक कण त्यांना चरे पाडतो. कापसाचे धागे सुटणारं फडकं वापरू नका.

पातळीच्या आधी ऑइलचा रंग आणि वास बघा. बोटावर एक थेंब घेऊन पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. लाल आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी असेल तर जुनं झालंय. काळं आणि करपट वास येणारं असेल तर ऑइल तापलंय किंवा होजचं रबर आतून झडतंय. दुधाळ, फेसाळ दिसलं तर त्यात हवा किंवा पाणी शिरलंय. आवाजाचं कारण बहुतेकदा ही हवाच असते: पातळी उतरली की पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो.

हवा आहे का, हे टोयोटाच्या पद्धतीने मोजताही येतं. इंजिन आयडलवर (सुरू, पण ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून पातळीची खूण करा. मग इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा बघा. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली तर आत हवा आहे. हवा दाबाखाली आकसते आणि दाब गेला की फुगते, म्हणून पातळी चढते.

कुठलं ऑइल? तुमच्या इनोव्हाला एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), डेक्सरॉन २ किंवा ३ दर्जाचं, लाल रंगाचं. होंडाच्या हायड्रॉलिक गाड्यांना होंडाचंच स्टेअरिंग ऑइल लागतं. स्कोडासारख्या युरोपीय गाड्यांत बऱ्याचदा हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल असतं, त्यात लाल एटीएफ मिसळायचं नाही. झाकणावर किंवा पुस्तकात जे छापलंय तेच आणा. दुकानदार ‘सगळ्याला चालतं’ म्हणाला तरी डब्यावरचा दर्जा स्वतः वाचा. ब्रेक ऑइल तर थेंबभरही नको. ते ग्लायकॉलचं असतं, स्टेअरिंगची सीलं त्याने खराब होतात. उलट चूक त्याहून भयंकर. ब्रेकच्या टाकीत एटीएफ गेलं तर ब्रेकची रबरं फुगतात आणि ब्रेक दगा देतात. दोन्ही टाक्या एकाच बॉनेटखाली असतात, ओतण्याआधी झाकण दोनदा वाचा.

किती घालायचं? साधारण ५० ते १०० मिली. संपूर्ण यंत्रणेतच लिटरभराच्या आसपास ऑइल असतं. थेट डब्यातून ओतू नका, हमखास जास्त पडतं. फार्मसीत मिळणारी ५० किंवा ६० मिलीची सिरिंज सगळ्यात सोयीची: किती घातलं ते मोजता येतं, जास्त झालं तर त्याच सिरिंजने काढता येतं. इंजिन बंद ठेवून थोडं-थोडं घाला आणि थंड खुणेच्या आत थांबा. जास्त भरलं तर गरम झाल्यावर ऑइल फुगून झाकणातून बाहेर येतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडून धूर होतो, आग लागण्याचाही धोका असतो.

मग हवा काढायची. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंदच ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १०-१५ वेळा फिरवा. दुसऱ्या माणसाला टाकीकडे उभं करा, बुडबुडे वर येताना दिसतात. पातळी उतरली तर भरा. नंतर गाडी खाली घेऊन इंजिन सुरू करा, आयडलवर पुन्हा काही वेळा टोकापर्यंत फिरवा. टोकाला २-३ सेकंदच धरा. तिथे दाबून धरलं की पंप पूर्ण दाबावर जातो, ऑइल झपाट्याने तापतं. वाड्यावरच्या अरुंद वाटेवर गाडी फिरवतानाही हीच सवय ठेवा. स्टेअरिंग टोकाला जाऊन अडलं की ते जरासं मागे सोडा.

आता गळती. गोव्यात पावसाळ्यात ती ओळखणं अवघड जातं, कारण गाडीखाली सगळंच तांबडं ठिबकत असतं. एटीएफही लाल, चिखलाचं पाणीही लाल. थेंब टिश्यूवर घ्या आणि सुकू द्या. चिखल सुकला की पावडर होऊन झटकता येतो. ऑइल सुकत नाही, डाग पसरत जातो आणि कागद तिथे अर्धपारदर्शक होतो. एसीचं पाणी नितळ असतं, त्याची काळजी नको. गाडी खालून धुऊन घ्या, कोरडी झाल्यावर रात्री पुढच्या भागाखाली पुठ्ठा घाला आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा.

टाकीकडे येणाऱ्या होजच्या क्लिपा आधी बघा. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या गंजून सैल होतात, आणि क्लिप बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय. मग जास्त दाबाचा पाइप बघा, विशेषतः लोखंडी नळी आणि रबर जिथे प्रेस करून जोडलेले असतात तो जोड. इथे दाब ८० बारच्या घरात जाऊ शकतो (टायरमध्ये सव्वादोन-अडीच असतो), तेव्हा एम-सील लावून किंवा टेप गुंडाळून काही होत नाही, पाइपच बदला. त्यानंतर पंपाच्या पुलीमागचं सील. शेवटी रॅकच्या दोन्ही टोकांचे रबर बूट. बूट दाबून बघा, आत ऑइल डबडबत असेल तर रॅकचं सील गेलंय. नुसता बूट फाटलेला असेल तर आजच बदला. व्हाळाचं पाणी आणि चिखल आत गेले की रॅकचा दांडा गंजतो आणि त्या गंजाने सील कापलं जातं. बुटाच्या पैशात टळणारं काम मग अख्ख्या रॅकवर जातं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मी सुचवणार नाही. त्या सीलं फुगवून थोडे दिवस काढतात, फाटलेला पाइप किंवा चरे पडलेला दांडा त्याने बरा होत नाही.

एक वेगळी खूण. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर स्टेअरिंग क्षणभर जड होतं, चीं असा आवाज येतो आणि मग ठीक होतं, तर बेल्ट घसरतोय. तो ढिला, झिजलेला किंवा ऑइलने माखलेला असतो.

ऑइल घातल्यावर टाकीवर मार्करने रेघ मारा आणि किलोमीटर लिहून ठेवा. महिन्याभरात रेघ हलली नाही तर निवांत राहा. थोडी उतरली तर चवथीच्या गर्दीआधी गॅरेजला दाखवा. आठवड्यात पुन्हा मिनच्या खाली गेली तर चोर्ला किंवा अनमोड घाट उतरायला ती गाडी नेऊ नका. ऑइल संपलं तरी स्टेअरिंग वळतं, पण इतकं जड की वळणावर वेळेत वळवता येत नाही, आणि कोरडा फिरणारा पंप थोड्याच वेळात निकामी होतो. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.