पहिले .२२ पिस्तूल: मॉडेलच्या आधी परवान्यावरचा उद्देश ठरवा

आपला प्रश्न वाचला आणि मला माझे २०१७ साल आठवले. आपण ऐरोलीला राहता, आठ महिन्यांपासून क्लबच्या एअर पिस्तुलाने दहा मीटरवर सराव करता, आता परवडेल असे स्वतःचे .२२ (म्हणजे ०.२२ इंच नळीचे) पिस्तूल घ्यावे असे आपल्या मनात आहे, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘परवाना स्वसंरक्षणासाठी काढा, एखादे छोटे रिव्हॉल्व्हर घ्या आणि त्यावरच हात बसवा’ असा सल्ला दिला आहे. जवळजवळ याच शब्दांत हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो मानला. अर्ज कुठे करायचा, पडताळणीला कोण येते, कोणती कागदपत्रे लागतात, हे आपल्याला क्लबात कोणीही सांगेल, म्हणून त्यात शिरत नाही. ज्या एका चुकीपायी माझी तीन वर्षे गेली, तिच्याबद्दलच लिहितो.

मी ठाण्यात राहतो. माझा अर्ज एका मध्यस्थाने भरून दिला होता. शस्त्र कशासाठी हवे, या रकान्यापाशी आल्यावर त्याने मला न विचारताच ‘स्वसंरक्षण’ असे लिहिले आणि ‘खेळ लिहिलेत तर दहा कागद मागतील’ असे वर ऐकवले. मी तेव्हा रायफल क्लबचा सदस्य होतो, पावत्या माझ्याजवळ होत्या, सचिवांनी पत्रही आनंदाने दिले असते. तरीही मी मान डोलावली आणि सही केली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम मी पुढे कधीतरी वाचले. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल हवी असेल तर त्याचा विचार या कलमात वेगळा केलेला आहे, आणि पिस्तुलासारख्या शस्त्रासाठी मागणीचे सबळ कारण पटवून द्यावे लागते. म्हणजे खेळाचे खरे कारण आणि त्याचे कागद माझ्याजवळ असताना, ते सोडून मी दुसऱ्याच दारापुढे जाऊन उभा राहिलो होतो. मी वकील नाही, नियमांत बदल होत असतात, त्यामुळे आजची स्थिती आपण क्लबच्या सचिवांकडून तपासून घ्यावी. पण रकान्यात खरे कारण लिहावे, हे मी कोणत्याही अटीशिवाय सांगतो. खोटे कारण पुढच्या प्रत्येक कागदावर आपल्या मागे येते.

परवाना मिळाला आणि मी खिशात मावेल असे .२२ चे एक रिव्हॉल्व्हर घेतले, कारण माझ्या ऐपतीत तेवढेच बसत होते. ते ज्या कामासाठी बनवले आहे त्या कामासाठी चांगलेच असेल, त्याला मी नावे ठेवत नाही. पहिल्या रविवारी ते रेंजवर नेले, तेव्हा प्रशिक्षकांनी चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामे असल्याची खात्री करून ते टेबलावर आडवे ठेवले, खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली आणि नेम धरण्याच्या दोन खुणांमधले, म्हणजे मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर मोजले. ते आठ सेंटिमीटर भरले. मग शेजारी क्लबचे मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचे पिस्तूल, ठेवून त्यावर पट्टी धरली, तर ते बावीसच्या जवळ होते. आंतरराष्ट्रीय नियमांत पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला कमाल मर्यादाच २२० मिलिमीटरची आहे. त्यांनी स्कोअरशीटच्या पाठीवर हिशेब मांडला. पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर बावीस सेंटिमीटरच्या पिस्तुलावर गोळी पंचवीस मीटरवर साधारण अकरा सेंटिमीटर सरकते आणि सहाच्या वर्तुळात लागते. तेवढीच चूक आठ सेंटिमीटरच्या साइटवर झाली, तर गोळी एकतीस सेंटिमीटर बाहेर जाते. लक्ष्याचे एकचे वर्तुळच पन्नास सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे ती गोळी गुणांत धरलीच जात नाही. दहाचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटरचे. त्या कागदाकडे पाहताना, मी जी चूक माझ्या हाताची समजलो असतो ती शस्त्राच्या लांबीची आहे, हे मला पहिल्यांदा कळले. एखाद्या नवशिक्याने सहा महिने अशा शस्त्रावर घालवले तर नेम चुकायला त्याचे मनगट कारण आहे, ट्रिगर कारण आहे की साइट, हे त्याला कधीच समजणार नाही. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा वाईट काही नाही.

दुसरा फटका काडतुसांचा बसला. पंचवीस मीटरच्या स्टँडर्ड पिस्तूल स्पर्धेत साठ गोळ्या असतात. आठवड्यातून दोनदा तेवढाच सराव धरला, तरी महिन्याला पाचशेच्या आसपास काडतुसे लागतात. स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचा कोटा त्या मानाने अगदी तुटपुंजा असतो आणि .२२ रिमफायरचे काडतूस घरी पुन्हा भरून वापरता येत नाही, कारण त्यातले प्रज्वलक बुडाच्या काठात भरलेले असते. म्हणून परवडण्याचा हिशेब पिस्तुलाच्या किमतीवर करू नका. पिस्तूल एकदाच घ्यायचे असते, काडतुसे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

तिसरा फटका निवडणुकीचा. २०१९ मध्ये एप्रिलमध्ये लोकसभा आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभा झाली, आणि मला दोन्ही वेळा शस्त्र जमा करावे लागले. स्पर्धेत उतरणाऱ्या माझ्या मित्रांना क्लबच्या पत्रावर सवलत मागता आली. माझ्या परवान्यावर ‘स्वसंरक्षण’ असल्याने माझ्याकडे मागण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या वेळी मी ते चामड्याच्या कव्हरमध्ये घालून दिले आणि परत आले तेव्हा नळीवर तांबूस ठिपके पडलेले होते. ती चूक सर्वस्वी माझी, कारण चामडे ओल धरते. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर शस्त्र चामड्यात किंवा फोमच्या पेटीत ठेवू नये. तेलाचा हलका हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कुलूपबंद कोरड्या कपाटात ठेवावे आणि आठवड्याला एकदा पाहावे.

उद्देश बदलून खेळाचे पिस्तूल घेता यावे म्हणून मी पुढे अर्ज केला. कोणते कार्यालय ते लिहीत नाही. ‘स्वसंरक्षणासाठी एक असताना दुसरे कशाला’ हा एकच प्रश्न मला तिथे चार वेळा विचारला गेला, चारही वेळा मी क्लबचे तेच पत्र जोडले, आणि दर खेपेला फाइल कुठे आहे हे मलाच शोधून द्यावे लागले. दोन खेपांच्या मध्ये समोरचा माणूस बदललेला असे, मग सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. तिथे कोणी उद्धट बोलले नाही, पण ज्याने अर्धा दिवसाची रजा टाकून यायचे, त्याला पोच तरी नीट मिळावी ही अपेक्षा फार मोठी नाही. यातून मी एक शिकलो: अर्जाची पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.

आता आपण काय करावे, याबद्दल माझे मत. हे मत माझ्या अनुभवापुरते आहे, आपल्या प्रशिक्षकांचे वेगळे असेल तर त्यांचे ऐका. निदान वर्षभर स्वतःचे .२२ घेऊच नये. त्या पैशातून चांगले एअर पिस्तूल घ्यावे, ४.५ मिलिमीटरचे आणि २० जूलपर्यंतच्या शक्तीचे एअर पिस्तूल २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याविना ठेवता येते, आणि ट्रिगरची शिस्त त्यावर जितकी पक्की होते तितकी दुसऱ्या कशावर होत नाही. ऐरोलीहून दादर आणि तिथून वरळीच्या रेंजपर्यंत लोकलने जाणार असाल, तर बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र पेटीतच ठेवा. स्टेशनवर बॅग तपासली गेली तर समजावत बसावे लागत नाही. .२२ चा सराव क्लबच्या पिस्तुलावर करा. नेमबाज राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले तो प्रकार पाहून आपल्याला हा खेळ आवडला, असे आपण लिहिले आहे. त्या प्रकाराला लागणारे शस्त्र आधी हातात धरून पाहायलाच हवे. मॅच पिस्तुलांपैकी वॉल्थर जीएसपीचा तोल पुढे जातो, पार्दिनीचा वेगळा लागतो, हॅमरली २०८ हातात शांत बसते; हे फरक वर्णनावरून कळत नाहीत. नवे पिस्तूल परदेशातून मागवण्याची सोय नामांकित नेमबाजांसाठी आहे, आपल्यासाठी ती वाट इतक्यात नाही. त्यामुळे आपले पहिले .२२ बहुधा कोणाचे तरी वापरलेले असेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र व्यवहार परवान्यावर रीतसर नोंद होऊनच झाला पाहिजे, ‘नंतर करू’ हे शब्द आले की उठून यावे.

वापरलेले पिस्तूल पाहायला जाताना प्रशिक्षकांना बरोबर न्या. मूठ आपल्या पंजाला बसते का ते सर्वांत आधी पाहा; लाकडी ग्रिप थोडी सैल असेल तर पुटी भरून आणि पॉलिश पेपरने घासून जमवता येते, घट्ट असेल तर तासावी लागते आणि चुकली की गेली. जुन्या मालकाने रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबून सराव केला असेल, तर रिमफायरमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी खीळ) चेंबरच्या काठावर आपटून तिथे खळगा पाडते, आणि मग काडतूस अडकते किंवा उडत नाही. टॉर्च घेऊन तो काठ नीट बघा. अशा रिकाम्या सरावाची, म्हणजे ड्राय फायरची, वेगळी सोय त्या पिस्तुलात आहे का, तेही विचारा. मग टेकू देऊन, ज्या काडतुसांवर आपण सराव करणार तीच वापरून पाच-पाच गोळ्यांच्या चार मालिका मारा, कारण सेमी-ऑटोमॅटिक .२२ एका बनावटीच्या काडतुसावर सुरळीत चालते आणि दुसऱ्यावर दर दहा गोळ्यांना अडते. मॅगझिन किती आहेत ते मोजा. एकच असेल तर दुसरे मिळेल की नाही याचा शोध पैसे देण्याआधी घ्या, कारण जुन्या मॅच पिस्तुलांत सर्वांत आधी मॅगझिनचे ओठच, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, झिजतात.