खुणांची साक्ष न्यायालयात कशी नोंदवली जाते?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मतः कर्णबधिर आहे आणि त्याला बोलता येत नाही. तो शाळेत गेला नाही, त्यामुळे त्याला लिहिता येत नाही आणि कर्णबधिरांच्या शाळेत शिकवतात ती सांकेतिक भाषाही ठाऊक नाही. लहानपणापासून घरात ज्या खुणा रुळल्या, तीच त्याची भाषा. गेल्या वर्षी बांधाच्या वादातून आमच्या वडिलांना मारहाण झाली, ती त्याने गोठ्यातून पाहिली. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा त्याच्या खुणांचा अर्थ मीच सांगितला. आता त्याला समन्स आले आहे आणि गावात म्हणतात, की मुक्याची साक्ष कोर्ट धरत नाही. हे खरे आहे का? साक्षीच्या वेळी त्याच्याशेजारी मीच उभी राहू का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गावात म्हणतात ते खरे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १२५ सांगते, की ज्याला बोलता येत नाही त्याने भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी सांगितलेले तोंडी साक्षीइतकेच ग्राह्य असते. अशा वेळी न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतलीच पाहिजे आणि त्या कथनाचे चित्रीकरणही झालेच पाहिजे. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यातही कलम ११९ म्हणून होती. २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत त्या कलमाचे शीर्षकच ‘मुके साक्षीदार’ असे होते. ते बदलले याचे मला मोल वाटते, कारण तुमच्या भावाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते तोंडाने सांगता येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र अधिक काळजीचा आहे आणि त्याचे उत्तर, शक्यतो नाही, असे आहे. मार खाणारे तुमचे वडील आहेत, म्हणजे खटल्याच्या निकालात तुमचा जीव गुंतलेला आहे. राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले, की दुभाष्या साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, परंतु खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्यालाही शपथ द्यावी. तिथे साक्षीदार बाईंच्या खुणांचा अर्थ त्यांच्याच वडिलांनी सांगितला होता. न्यायालयाने त्या साक्षीवर भिस्त ठेवली नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली. तुम्ही अगदी प्रामाणिकपणे अर्थ सांगितलात तरी बचाव पक्षाचे वकील नेमके इथेच बोट ठेवतील.

याच निकालातला आणखी एक मुद्दा फारसा कोणी लक्षात ठेवत नाही. साक्षीच्या कागदावर खुणेचा अर्थ उतरवणे पुरेसे नसते; खूण काय केली, तेही लिहावे लागते. एका तालुका न्यायालयात मी याची किंमत पाहिली आहे. साक्षीदाराने गुडघ्यावर थाप मारली, दोन पावले लंगडत चालून दाखवले आणि मिशीला पीळ दिल्यासारखी बोटे फिरवली. गावातल्या एका माणसासाठी त्याच्या घरातली ती नेहमीची खूण होती. दुभाष्याने त्या माणसाचे नाव उच्चारले आणि कागदावर केवळ नाव आले. उलटतपासणीत वकिलांनी विचारले, की हे नाव साक्षीदाराचे की दुभाष्याचे? उत्तर देण्यासाठी कागदावर काहीच नव्हते. लंगडणे आणि मिशी यांची एक ओळ जरी लिहिली गेली असती, तरी त्या प्रश्नाला जागा उरली नसती.

म्हणून तारखेच्या पुरेसे आधी सरकारी वकिलांना भेटा आणि दुभाष्या, विशेष शिक्षक व चित्रीकरण यांसाठी लेखी अर्ज करायला सांगा. भावाला प्रमाणित सांकेतिक भाषा येत नाही, हे अर्जात ठळकपणे लिहायला हवे, नाही तर शहरातून तज्ज्ञ येईल आणि दोघेही एकमेकांकडे पाहत राहतील. अशा वेळी दोन माणसांची जोडी उपयोगी पडते. भावाच्या खुणा रोज समजून घेणारा, पण तुमच्या भावकीबाहेरचा कोणी, जसे की दूध संकलन केंद्रावरचा माणूस, आणि त्याच्यासोबत प्रशिक्षित दुभाष्या किंवा विशेष शिक्षक, अशी विनंती करता येईल. जागेचा नकाशा, गोठ्याचे आणि बांधाचे फोटो समोर असले तर बोटाने दाखवूनही बरेच सांगता येते.

पोलिसांपुढचा जबाब तुमच्या मदतीने झाला, याची फार धास्ती घेऊ नका. तो जबाब म्हणजे साक्ष नव्हे. साक्ष न्यायालयातच होते. मात्र अर्थ कोणी सांगितला असे विचारले गेले, तर जे झाले तेच सांगावे.

न्यायालयातले वातावरण भावाला दडपून टाकेल असे वाटत असेल, तर तेही अर्जात लिहा. वाचा किंवा श्रवणदोष असलेल्या व्यक्तीला विशेष संरक्षणाची गरज असलेला साक्षीदार मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ठरवले आणि अशांच्या साक्षीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र केंद्रे उभारायला सांगितले. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न : अर्धांगवायूनंतर वडिलांना वाचाघात झाला आहे. त्यांना सगळे समजते, परंतु ‘हो’ म्हणायचे असताना तोंडून ‘नाही’ निघते. जमिनीच्या दाव्यात त्यांची साक्ष होऊ शकेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : होऊ शकेल. वाचाघाताने आलेले कायमचे अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्टपणे धरलेले आहे आणि त्याच कायद्याचे कलम १२ सांगते, की अशा व्यक्तीची साक्ष तिला सोयीच्या भाषेत व संवादाच्या पद्धतीने नोंदवण्याची व्यवस्था शासनाने केली पाहिजे. न्यायालयात येणे जमत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नुसार आयुक्त, म्हणजे न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारी व्यक्ती, नेमून घरीच साक्ष घ्यावी, असा अर्ज तुमच्या वकिलांमार्फत करा. त्यासोबत वाचा-उपचारतज्ज्ञांचे पत्र जोडा आणि वडील शब्दापेक्षा चित्रावर किंवा लिहिलेल्या पर्यायावर बोट ठेवून अधिक नेमके उत्तर देतात का, ते त्यात लिहून घ्या. तसे असेल, तर ‘हो’ आणि ‘नाही’ची दोन कार्डे समोर ठेवून, प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न एकदा सुलटा आणि थोड्या वेळाने उलटा करून विचारावा, अशी विनंती अर्जातच करा.