ब्लँक सोड, पण अंदाज लिहू नकोस

तुझा मेसेज वाचला. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डॉक्टरचं रेकॉर्ड केलेलं डिक्टेशन ऐकून रिपोर्ट टाइप करणं, आणि त्यात न कळलेल्या शब्दाचं काय करायचं हा तुझा प्रश्न. डिस्चार्ज समरीतल्या एका शब्दावर पाऊण तास अडकलीस, पुन्हा पुन्हा रिवाइंड केलंस आणि शेवटी ‘जवळपास जुळतोय’ म्हणून एक शब्द टाकून फाइल पाठवून दिलीस. अडकण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खटकलं ते ‘जवळपास’.

रिपोर्टमध्ये जवळपास असं काही नसतं. शब्द कळला तर लिहायचा, नाही कळला तर ब्लँक सोडायचा. ब्लँक डोळ्यांत खुपतो, म्हणून कुणीतरी तो भरतो. चुकीचा शब्द खुपत नाही. त्याच्यावर सही होते, तो पेशंटच्या रेकॉर्डमध्ये जाऊन बसतो आणि पुढचा डॉक्टर त्याच्यावर विसंबून औषध लिहितो.

तुझा वेळ गेला तो चुकीच्या क्रमामुळे. न कळलेल्या शब्दापाशी थांबायचंच नाही. खूण कर आणि डिक्टेशन शेवटपर्यंत ऐक. हिस्टरी सांगताना घाईत गिळलेला शब्द तोच डॉक्टर असेसमेंटमध्ये (निदान) किंवा प्लॅनमध्ये (पुढचे उपचार) बऱ्याचदा स्वच्छ उच्चारतो. बरेच ब्लँक इथेच भरले जातात.

मग मागे ये. आधीचे दोन-तीन शब्द धरून ऐक. सुटा शब्द ऐकला की कान त्याला हवं तेच ऐकतो. स्पीड ७५ ते ८० टक्क्यांवर आण, त्याखाली नको, व्यंजनं ताणली जातात आणि प-ब, ट-ड सारखेच लागायला लागतात. जे ऐकू येतंय ते आधी देवनागरीत उतरव. इंग्रजी स्पेलिंग लिहायला घेतलंस की ते तुला ओळखीच्या शब्दाकडे ओढत नेतं. मग शब्दाचं शेपूट बघ: ‘एक्टमी’ म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढला, ‘ऑटमी’ म्हणजे छेद घेतला, ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर किंवा दुसऱ्या पोकळीत वाट करून दिली. ऑपरेशन नोटमध्ये पुढे काय केलं त्याचं वर्णन असतंच, त्याच्याशी ताडून घे. आणि शब्दकोशात सापडत नाही म्हणून शब्दच नाही असं ठरवू नकोस. ‘टोसिस’ टीखाली शोधशील तर मिळणार नाही, तो पीने सुरू होतो. ‘झेरो’ ऐकू आलं तर एक्सखाली बघ, ‘यू’ ऐकू आलं तर ई-यूखाली, ‘शोग्रेन’ एस-जेखाली.

आता आवाज जुळला, स्पेलिंगही मिळालं. तरी लिहू नकोस! आवाज हा एकच साक्षीदार झाला. दुसरा पाहिजे: डोस, आजार, तपासणी, अवयव, काहीतरी.

सेलेब्रेक्स आणि सेलेक्सा घे. पहिलं सांधेदुखीचं, दुसरं डिप्रेशनचं. डॉक्टर ‘२०० मिलिग्रॅम’ म्हणाला तर सेलेक्सा बाद, कारण त्याच्या गोळ्या १०, २० आणि ४० मिलिग्रॅमच्या. इथे डोसने निकाल दिला. पण हायड्रॅलझीन आणि हायड्रॉक्सिझीनमध्ये डोस कामाचा नाही. १०, २५, ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दोन्हींच्या असतात. तिथे पेशंटला काय होतंय ते बघायचं: ब्लड प्रेशर असेल तर पहिलं, खाज किंवा अस्वस्थता असेल तर दुसरं. दोन्ही असतील तर? ब्लँक.

आणि संदर्भही कधीकधी दगा देतो. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्या-समजण्यात दोष. पोटाच्या डॉक्टरचं डिक्टेशन असेल तर प्रश्नच नाही. पण पेशंट स्ट्रोकचा असेल तर दोन्ही होऊ शकतं, आणि ‘स्पीच थेरपीकडे पाठवलं’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही, कारण गिळण्याचा त्रासही तेच थेरपिस्ट बघतात. मऊ आहार सांगितलाय का, नळीने अन्न चालू आहे का, ‘शब्द आठवत नाहीत’ असं कुठे म्हटलंय का, हे शोध. नाही मिळालं तर ब्लँक सोड. अॅब्डक्शन (हात-पाय शरीराच्या मध्यापासून दूर नेणं) आणि अॅडक्शन (जवळ आणणं) यांचं तेच. काही डॉक्टर मुद्दाम ‘ए-बी’ किंवा ‘ए-डी’ म्हणतात, त्यांचे आभार मान; न म्हणणाऱ्यांच्या बाबतीत अंदाज नको.

आकड्यांना तर दुप्पट कान दे. फिफ्टीन-फिफ्टी, मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम. लिव्होथायरॉक्सिनला ‘५० मिलिग्रॅम’ ऐकू आलं तर कुठेतरी चुकलंय, कारण ते मायक्रोग्रॅममध्ये देतात. पण म्हणून तू परस्पर दुरुस्त करायचं नाही, फ्लॅग करायचं, म्हणजे शंका नोंदवून कळवायची. वर ‘उजवा गुडघा’ आणि खाली ‘डावा गुडघा’ आला तरी तेच. लिहिताना ०.१२५ मधलं पहिलं शून्य गाळू नकोस आणि ५ च्या पुढे ‘.०’ लावू नकोस. टिंब दिसलं नाही तर ५.० चा डोस दहापट होतो आणि .१२५ चा हजारपट.

ब्लँकही नीट सोडावा लागतो. नुसती रेघ मारून क्यूएकडे, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्यांकडे, ढकललीस तर ते वैतागतील, आणि त्यांचं बरोबर असेल. ऑडिओतली वेळ दे, ०३:४२ अशी. ऐकू येणारा आवाज दे. काय तपासलं आणि का बाद केलं तेही दे: ‘सेलेक्सा वाटतं, पण डोस २०० ऐकू येतो.’ हे सगळं कॉमेंटमध्ये, रिपोर्टच्या मजकुरात नाही. एका शब्दाला एक ब्लँक. अख्खं वाक्य गिळू नकोस.

जास्त ब्लँक सोडले तर मार्क कापतात, असं तू लिहिलंयस. कापू देत. या हट्टापायी मलाही हेकट म्हणतात, स्लो म्हणतात. ओळींवर पैसे मिळतात तिथे ब्लँकची कॉमेंट लिहिण्यात जाणारी मिनिटं फुकट जातात, हे मला पटतं. तरी हट्ट सोडणार नाही. आता स्पीच रेकग्निशनचे, म्हणजे मशीनने ऐकून टाइप केलेले, ड्राफ्ट येतात तेव्हा तर अजिबात नाही. मशीनचा ड्राफ्ट इतका सफाईदार असतो की डोळा पुढे सरकतो, आणि ‘नो चेस्ट पेन’मधला ‘नो’ गळाला तरी वाक्य व्याकरणाने शुद्धच राहतं. ‘अफेब्राइल’चं ‘अ फेब्राइल’ झालं की ताप नसलेल्याला ताप चढला. म्हणून एडिटिंग करतानाही ऑडिओ पूर्ण ऐकायचा, फक्त वाचून पास करायचं नाही.

क्यूएकडून भरून आलेले ब्लँक मात्र वाया घालवू नकोस. डॉक्टरवार वही ठेव: तू देवनागरीत लिहिलेला आवाज एका बाजूला, खरा शब्द दुसऱ्या बाजूला, शेजारी तो कोणत्या आजारात आला ते. पेशंटचं नाव किंवा नंबर त्यात चुकूनही नको. कोणता डॉक्टर शब्दाचा शेवट खातो, कोणाचं ‘फिफ्टी’ कसं लागतं, हेही टिपून ठेव. त्याच डॉक्टरची पुढची फाइल उघडण्याआधी ते पान एकदा वाचून घे.