वाचकांचे प्रश्न : दुकान कोल्हापूरचे, तक्रार बेळगावात चालेल का?

प्रश्न : मी निपाणीजवळ शेती करतो. कोल्हापुरातल्या दुकानातून ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर स्वतः जाऊन आणली, ४२,००० रुपये रोख दिले. दोन महिन्यांत वाइंडिंग जळले. दुकानदार बिलाची तळातली ओळ दाखवतो, 'वाद कोल्हापूर न्यायकक्षेत', आणि केस घालायची तर इकडेच या म्हणतो. खरे का?

उत्तर : १९८६ च्या कायद्याखाली त्याचे म्हणणे बरेचसे खरे ठरले असते. तेव्हा विक्रेता जिथे धंदा करतो किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथेच जावे लागे, आणि काउंटरवर घेतलेल्या मालासाठी ते ठिकाण कोल्हापूरच निघाले असते. २० जुलै २०२० पासून २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार चालते. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे तुमच्यासाठी बेळगाव जिल्हा आयोग. बिलावरच्या छापील ओळीने हा हक्क सहसा जात नाही.

बिल मात्र तुमच्याच नावाचे आहे ना, ते बघा. ते चुलत्यांच्या नावाने असेल तर तक्रारीत त्यांना घ्या, नाहीतर पहिल्याच तारखेला त्यावर वाद निघतो. पत्त्यासाठी आधार किंवा मतदार ओळखपत्र जोडा. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी काहीच नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. विरुद्ध पक्षाचे नाव पाटीवरून उतरवू नका. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाका (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, कर्नाटकाचा २९ ने), मालकाचे कायदेशीर नाव मिळेल. 'अमुक ट्रेडर्स' एवढ्याच नावावर झालेला आदेश पुढे वसुलीत लटकतो.

आयोग बेळगावचा मिळाला म्हणून मोटर सदोष ठरत नाही, आणि खरी लढाई दोष दाखवण्याचीच आहे. दुकानदार म्हणणार, व्होल्टेज कमी होते. वाइंडरने मोटर उघडली असेल तर फोटो काढून घ्या. तिन्ही फेजची गुंडाळी सारखीच काळी पडली असेल तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज, म्हणजे केस कमकुवत. दोन फेज काळे आणि एक कोरा, हे बहुधा एक फेज गेल्याचे लक्षण, तिथेही दोष पुरवठ्याकडे किंवा स्टार्टरकडे जातो. एकाच जागी डाग आणि बाकी तार लख्ख असेल, तर इन्सुलेशनचा दोष म्हणता येतो. पुन्हा गुंडाळायला अजून दिली नसेल तर देऊच नका. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण गुंडाळून झालेल्या मोटरीत तपासायला उरते काय?

प्रश्न : खानापुरात माझे साड्यांचे दुकान आहे. सुरतच्या व्यापाऱ्याची वेबसाइट बघून फोनवर ऑर्डर दिली, ३ लाख ४० हजार आगाऊ भरले. माल डागाळलेला आला. मीही बेळगावच्या आयोगात जाऊ का?

उत्तर : नाही. विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तुम्ही कायद्याने 'ग्राहक' नाही. तुमची वाट दिवाणी न्यायालयाची, आणि तिथे तुमचा पत्ता पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडले तिथे दावा लागतो.

हा 'अंशतः' तुमच्या कामाचा. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे खामगावच्या ऑइल मिलचे प्रकरण होते. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने फोनवर सरकीची पेंड मागितली, खामगावहून होकार आला. न्यायालय म्हणाले, फोनवरचा करार होकार जिथे ऐकू येतो तिथे पूर्ण होतो. म्हणून अहमदाबादचे न्यायालय चालेल. तुमच्या बाबतीत भाव आणि नग तुम्ही सांगितले आणि सुरतेहून 'हो' आले, तर ते 'हो' खानापुरात ऐकले गेले. उलट त्यानेच भाव सांगितला आणि तुम्ही 'पाठवा' म्हणालात, तर करार सुरतेत झाला. मग माल कुठे पोचवायचा ठरले होते, त्यावर भर द्या. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (५०,००० च्या वरच्या मालाला लागते) आणि ऑर्डरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश इथे उपयोगी पडतात. नुसती वेबसाइट खानापुरात दिसत होती, एवढ्यावर न्यायालयाला अधिकार येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका ट्रेडमार्कच्या दाव्यात ते स्पष्ट केले आहे.

'सुरत न्यायकक्षा' ही ओळ तुम्हाला मात्र नडू शकते. दोन ठिकाणी अधिकार असताना एकच ठिकाण निवडण्याचा करार वैध असतो. तुम्ही सही केलेल्या ऑर्डर फॉर्मवर ती असेल तर सुरत गाठायची तयारी ठेवा. माल निघाल्यावर पाठवलेल्या बिलावरच ती पहिल्यांदा दिसली असेल, तर आपली संमती नव्हती असे म्हणायला जागा आहे.

रक्कम ३ लाखांवर असल्याने हा वाणिज्य न्यायालयाचा विषय. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी करावीच लागते. ती टाळून घातलेला दावा फेटाळला जातो.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला परदेशी चार्जर पेटला. बनवणाऱ्याचा पत्ताच नाही.

उत्तर : विक्रेत्याला धरा. बनवणारा कोण ते माहीत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे विक्रेत्यावर उत्पादनाची जबाबदारी येते. विक्रेत्याचे नाव-पत्ता लपवला असेल तर अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडे लेखी मागा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते द्यावेच लागते. जळका चार्जर आणि खोका दोन्ही जपून ठेवा.

प्रश्न : बेळगावात निकाल मिळाला तरी सांगलीचा दुकानदार पैसे देईल कशावरून?

उत्तर : आयोगाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो (कलम ७१). शिवाय आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. वॉरंट निघाले की बहुतेक विक्रेते तडजोडीला येतात. नोटीस 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आली तर ती बजावली गेली असेच धरतात, तेव्हा तो लिफाफा न फोडता ठेवा. मराठी बिले आणि संदेशांना इंग्रजी भाषांतर आधीच जोडा, नाहीतर एक तारीख त्यातच जाते.