टाचेमागच्या टेंडनसाठी बीपीसी-१५७ चं इंजेक्शन घ्यावं का?

घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की फुटबॉल खेळताना दुखावलेलं टाचेमागचं अकिलीज टेंडन काही महिने झाले तरी बरं होत नाही, आणि फोंड्यातल्या जिमचे ट्रेनर बीपीसी-१५७ ची कुपी देतायत. सोबत ९९ टक्के शुद्धतेचा कागद आहे म्हणून तुम्हाला भरवसा वाटतोय. मी वेर्ण्याला औषध कारखान्यात इंजेक्शनांची सूक्ष्मजीव तपासणी करते, त्यामुळे मला त्या कागदाबद्दलच जास्त सांगायचंय.

आधी बीपीसी-१५७ बद्दल थोडं. हे एक पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची छोटी साखळी; ही १५ अमिनो आम्लांची आणि कृत्रिम आहे. क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठात प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिच्यावर काम केलं, आणि माणसाच्या जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा, अशी तिची ओळख त्यांनीच करून दिली. उंदरांचं अकिलीज टेंडन कापून त्यांना हे पेप्टाइड दिलं, तेव्हा जखम लवकर भरली आणि टेंडन जास्त ताण सोसू लागलं. तैवानमध्ये टेंडनच्या पेशींवर प्रयोग झाले, तिथेही पेशींची हालचाल वाढलेली दिसली. हे निकाल चांगले आहेत, मी ते उडवून लावत नाही. पण बहुतेक काम एकाच गटाचं आणि प्राण्यांवरचं. माणसांवर झालेले अभ्यास मोजकेच आणि अगदी थोड्या लोकांवरचे. निरोगी माणसांवरची एक चाचणी २०१५ मध्ये नोंदवली गेली होती, तिचे निष्कर्ष छापून आलेच नाहीत. शिवाय हे पेप्टाइड नव्या रक्तवाहिन्या वाढवतं असं दिसतं. टेंडनला ते हवंच असतं, पण शरीरात कुठे न कळलेली गाठ असेल तर तिलाही तेच हवं असतं. या शंकेचं उत्तर माणसांत अजून कुणी तपासलेलं नाही.

आता तो कागद. ९९ टक्के हा आकडा एचपीएलसी नावाच्या तपासणीतून येतो. पावडरीत ठरलेला रेणू किती आणि त्याचे अर्धवट तुटके भाऊबंद किती, एवढंच ती सांगते. जिवाणू आहेत का, ते मेल्यावर मागे राहिलेलं एंडोटॉक्सिन आहे का, हे तिला दिसत नाही. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा. रक्तात गेला की हुडहुडी, ताप, आणि जास्त असेल तर रक्तदाब कोसळतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू अडतात, हा आरपार जातो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेतही तो टिकतो, म्हणून आम्ही रिकाम्या काचेच्या कुप्या २५० अंशांवर भाजून घेतो.

एंडोटॉक्सिनची तपासणी अशी: घोड्याच्या नालेच्या आकाराच्या खेकड्याच्या रक्तपेशींपासून केलेला अर्क आणि औषध एका बारीक नळीत एकत्र करायचं, ३७ अंशांवर तासभर हात न लावता ठेवायचं, मग नळी हळूच उलटी करायची. आतलं दह्यासारखं घट्ट चिकटून राहिलं तर तो माल नापास.

प्रमाण किती बारीक असतं बघा. ६० किलोच्या माणसाला तासाभरात साधारण ३० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त एंडोटॉक्सिन इंजेक्शनातून जाऊ नये अशी मर्यादा आहे. ५ मिलिग्रॅमच्या कुपीत ३० नॅनोग्रॅम म्हणजे ०.०००६ टक्के. तुमच्या कागदावर तर एक अख्खा टक्का मोकळा सुटलाय! निर्जंतुकतेसाठी वेगळी चाचणी असते, तिला १४ दिवस लागतात. लेबलावर ‘फक्त संशोधनासाठी’ छापलं की विकणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही, आणि ते तसं छापण्याचं कारण बहुधा हेच.

हे पेप्टाइड कुठल्याही मोठ्या औषध नियामकाने उपचारासाठी मंजूर केलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०२३ मध्ये, फार्मसींनी स्वतः औषध बनवून देण्याच्या बाबतीतही त्याला धोक्याच्या यादीत टाकलं. तुम्ही लीगमध्ये खेळत असाल तर आणखी एक: खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेने २०२२ पासून ते बंदी असलेल्या पदार्थांत घातलंय, आणि भारतातली तशीच संस्था ‘नाडा’ तीच यादी पाळते. ‘ट्रेनरनी दिलं’ हे तिथे चालत नाही.

मग करायचं काय? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोपेडिक ओपीडीत दाखवा, टेंडन फाटलंय की नुसतं सुजलंय ते आधी कळू दे. फाटलेलं नसेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून दुखऱ्या टाचेवर भार घेत ती सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम फिजिओकडून नीट शिकून घ्या. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला हा क्रम आहे: १५ चे तीन फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. कंटाळवाणं आहे, मान्य, पण हे माणसांवर तपासलेलं आहे. तेवढे दिवस चिखलातल्या मॅची सोडाव्या लागतील.

आणि एखादं इंजेक्शन आधीच घेतलं असेल, त्यानंतर थंडी वाजून ताप आला किंवा टोचल्या जागी लाली पसरत गेली, तर थांबू नका, डॉक्टरकडे जा. कुपी फेकू नका, सोबत न्या आणि काय टोचलंय ते न लपवता सांगा.