तंबू कुणाच्या अंगणात लावणार?

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अंदमानच्या सहलीचा तक्ता काल रात्री चष्मा लावून नीट वाचला. अकरा दिवस, सहा बेटं, प्रत्येक बेटापुढे किती तास थांबायचं आणि कुठे फोटो काढायचा हेसुद्धा. मेहनत घेतली आहेस, नाही म्हणत नाही. पण खाली तूच लिहिलंस की ‘तिथल्या लोकांसारखं राहून बघायचंय’. निम्मे दिवस बोटीच्या रांगेत जाणार, तर लोक भेटणार कधी? सहातली पाच बेटं खोड. एकच ठेव, आणि माझं ऐकणार असशील तर ते लिटल अंदमान ठेव.

ह्यांच्या नोकरीपायी आमचं बिऱ्हाड पोर्ट ब्लेअरला होतं, हे तुला आईने सांगितलं असेल. २०२४ मध्ये त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. इंदूर-पुण्याकडचे पाहुणे यायचे त्यांचा क्रम ठरलेला: सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, मग हॅवलॉक, नील ही बेटं, आणि परत विमानतळ. जेल तू बघच, आणि घाईने बघू नकोस. कैद्यांची मुलं-नातवंडं पुढे तिथलीच झाली, त्यांच्यातल्या कुणाशी बोलायला मिळालं तर त्या भिंतींचा अर्थ वेगळाच लागतो. मात्र त्यानंतर गर्दीच्या मागे जाऊ नकोस.

लिटल अंदमान पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर. फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सरकारी जहाज सुटतं आणि बोटीप्रमाणे सहा-आठ तासांत हट बेला, म्हणजे लिटल अंदमानच्या बंदराला, पोचतं. वाटेत उघडा समुद्र लागतो, पोटात कालवतं, म्हणून निघण्याआधी भरपेट खाऊ नकोस. जहाजाचं वेळापत्रक हवेवर बदलतं, कधी फेरी रद्दच होते. त्यामुळे परतीच्या विमानाआधी मोकळे दिवस ठेव, निदान तीन. जहाज रद्द झालं म्हणून खिडकीवरच्या माणसावर चिडणारे पर्यटक मी खूप पाहिले. शेजारी उभ्या बाईला मुलाला दवाखान्यात न्यायचं असतं आणि ती गप्प असते. ते जहाज आधी तिचं आहे, मग तुझं. जायचं तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान जा, तेव्हा समुद्र बराच शांत असतो.

आता मुख्य मुद्दा. तू लिहिलंस, ‘निर्जन किनाऱ्यावर तंबू लावून राहीन, कुणाला त्रास नाही’. कुणाला त्रास नाही म्हणजे कुणाशी संबंधही नाही. शिवाय किनारा निर्जन दिसला तरी तो कुणाचा तरी असतो: वनखात्याचा, गावाचा, नाहीतर कासवांचा. विनापरवाना तिथे तंबू लावता येत नाही, आणि एकटीने लावूही नये.

ओंकारेश्वरला आपण जात होतो तेव्हा घाटावर परिक्रमावासी बघितलेस ना? मांधाता हेही बेटच, तुझ्या आयुष्यातलं पहिलं. ती माणसं संध्याकाळी गावात शिरली की आधी ‘नर्मदे हर’ म्हणतात, मग विचारतात, आसन कुठे लावू? कुणी देवळाचा ओटा दाखवतं, कुणी स्वतःची पडवी. सदाव्रत मिळेल ते शिजवतात, सकाळी झाडून काढतात आणि निघतात. परंपरेने परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. आपल्या माळव्या-निमाडात ही रीत डोळ्यांसमोर असताना सावकाश प्रवास कसा करायचा हे परक्या व्हिडिओंवरून शिकायची काय गरज आहे? तंबू तुझा आहे, ठीक. जागा मात्र विचारून घे, आणि ती कुणाच्या तरी अंगणात घे.

हट बेला उतरलीस की रिक्षावाला विचारेल, ‘कितने किलोमीटर?’ गोंधळू नकोस. तिथे जागा धक्क्यापासूनच्या अंतराने ओळखतात. नेताजीनगर म्हणजे अकरा किलोमीटर, धबधब्याला सहा किलोमीटरच्या पुढून आत वळायचं, असं. एकच मुख्य रस्ता, समुद्राला धरून उत्तरेकडे जाणारा. बेट तसं मोठं, सातशे चौरस किलोमीटरच्या आसपास. पण २०११ च्या जनगणनेत माणसं जेमतेम अठरा-एकोणीस हजार. पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेली बंगाली कुटुंबं आहेत, तमिळ आहेत, जंगलकामासाठी आणलेल्या मजुरांचे वंशज आहेत ज्यांना तिथे सरसकट ‘रांची’ म्हणतात, आणि हरमिंदर बेला निकोबारी वस्ती आहे. सगळ्यांची आपापसातली भाषा हिंदी, त्यामुळे इंदूरच्या मुलीचं काही अडत नाही. बंगाली गावात आधी पंचायतीच्या प्रधानाला भेट. निकोबारी वस्तीत गावच्या मुखियाला कॅप्टन म्हणतात; त्याला विचारल्याशिवाय आत फिरू नकोस.

अंगण मिळालं की पहिले दोन दिवस काहीच बघायला जाऊ नकोस. हे तुला जड जाईल. त्या दिवसांत सुपारी वाळत घातलेली असते, अंगणभर. घरातल्या बायका सोलायला बसतात. त्यांच्यात जाऊन बस. त्यांची विळी जवळजवळ आपल्यासारखीच, पाटावर पाय ठेवून, उभ्या पात्याची. तिला बोंटी म्हणतात. सुरी हातात धरून चिरायची सवय नसते, मासासुद्धा त्या उभ्या पात्यावर दोन्ही हातांनी धरून, पुढे ढकलून कापतात. शेजारच्या बंगाली घरात मी पहिल्यांदा बोंटीवर बसून दुधी चिरला तेव्हा सासू-सून दोघी हातातलं काम टाकून बघत राहिल्या, आणि त्यानंतर मला कधी पुढच्या दाराने यावं लागलं नाही. तुझ्या घरी विळी आहे का गं, की चॉपिंग बोर्डच? आजीकडे जा आणि महिनाभर भाजी विळीवर चीर. पाठीवरच्या बॅगेपेक्षा ते जास्त कामाला येईल.

मासे खात नसशील तर पहिल्याच जेवणाआधी सांग, ताटात वाढल्यावर नको. त्या घरांत मोहरीच्या तेलातलं कालवण पाहुण्यासाठी खास केलेलं असतं. पैसे देण्याबद्दलही आधीच बोल. संकोचाने शेवटच्या दिवशी पाकीट सरकवणं दोघांनाही अवघड होतं. भेट म्हणून इंदूरची शेव ने, लसणाची. फक्त पाकिटं छोटी आणि पक्की बंद घे, तिथल्या दमट हवेत फोडलेली शेव संध्याकाळपर्यंत सादळते. मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नकोस.

दिवसाचा हिशेब इथेच बदलायला लाग. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, इंदूर त्याच्या पश्चिमेला आणि अंदमान पूर्वेला. इंदुरापेक्षा तिथे सूर्य सरासरी तासाहून थोडा जास्त आधी उगवतो, आणि मावळतोही आधी. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला अंधार पडू लागतो. इंदूरच्या सराफ्यात रात्री अकराला तळलेला गराडू खाणाऱ्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. गाव लवकर निजतं. तू कंदील लावून गिटार वाजवत बसलीस तर कुणी बोलणार नाही, पण सकाळी चेहऱ्यावर दिसेल.

तंबूबद्दल थोडं. माळव्याच्या काळ्या मातीत खुंटी घट्ट बसते, वाळूत बसत नाही. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि ती पिशवी आडवी पुरायची. मग वारा कितीही येऊ दे. नारळाखाली तंबू लावू नकोस. यात विनोद काही नाही, वरून नारळ आणि झावळ्या दोन्ही पडतात. खारी हवा चेन धरून ठेवते, तिच्यावर मेणबत्ती घासत जा. बूट घालण्याआधी झटक. तिथली गोम वीतभर असते आणि चावली की रात्र जाते. अन्न तंबूत ठेवलंस तर शंखातले खेकडे रात्रभर खुडबुडतील, पण ते निरुपद्रवी.

वाळूतल्या माश्या मात्र निरुपद्रवी नाहीत. सँडफ्लाय म्हणतात, डोळ्यांना धड दिसत नाहीत. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येतात, म्हणून बारीक जाळीचा तंबू घे. किनाऱ्यावर बसताना पायांना खोबरेल चोपड, आणि चावल्यावर खाजवू नकोस. खाजवलेल्या जागेची जखम होते, ती त्या हवेत भरून येत नाही, आणि सुट्टी दवाखान्यात जाते.

पाण्यात उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारूनच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि नाला जिथे समुद्राला मिळतो ती त्यांची आवडती जागा. नेमकी तीच जागा बाहेरच्या माणसाला तंबूसाठी सुंदर वाटते: सावली, गोडं पाणी, सपाट वाळू. तिथे भांडीसुद्धा घासायला जाऊ नकोस.

भरती-ओहोटीचंही गावालाच विचार. माझ्या आजोळी, कोकणात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते असा हिशेब होता. तो अंदमानात जसाच्या तसा लागू पडत नाही, पण भरती रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे जाते हे तिथेही खरं, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं हेही. दारामागच्या कॅलेंडरवर तिथी बघून जा. पोरं हसतील, हसू देत.

हट बेने २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी झेलली आहे. समुद्राकाठची घरं गेली, माणसं गेली, लोक पुढे बराच काळ पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिले. तू त्या विषयावर प्रश्न विचारू नकोस. चार दिवसांनी, सुपारी सोलताना, कुणीतरी आपणहून सांगेल. तेव्हा मोबाइल खाली ठेवून ऐक. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घे: जमीन हलली तर पळायचं कुठे? उंचवट्याची वाट दिवसाउजेडी एकदा चालून बघ. धक्का जाणवला किंवा पाणी अचानक मागे हटलं, तर तंबू, बॅग, कॅमेरा सगळं सोडून वर जायचं. ओंगी लोकांनी त्या दिवशी हेच केलं आणि ते वाचले.

ओंगींचा विषय निघालाच आहे तर ऐक. या बेटाचे मूळ रहिवासी ते, आज सव्वाशेच्या आसपास उरलेत. बेटाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखीव आहे, १९५६ च्या कायद्याने तिथे बाहेरच्यांना बंदी आहे. कुणी बोटवाला म्हणेल, ‘दुगाँग क्रीक दिखा देता हूँ’. ती ओंगींची वस्ती. नाही म्हणायचं, आणि त्या माणसाबरोबर पुन्हा कुठेही जायचं नाही. तुझी जिज्ञासा चांगली असेल, पण बाहेरच्या माणसाबरोबर खोकला आणि दारूही आत गेली आहे. लेदरबॅक ही कासवांतली सगळ्यात मोठी जात, ती याच बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवर अंडी घालते. उपग्रहाची खूण लावलेली एक मादी इथून थेट मोझांबिकच्या समुद्रापर्यंत पोहत गेली. ते किनारेही तुला बघायला मिळणार नाहीत. मिळू नयेत असंच मला वाटतं. सगळं आपल्याला दिसलंच पाहिजे हा हट्ट टुरिस्टाचा.

फोटो विचारून काढ. शिंपले, पोवळं, वाळूतून उचललेलं मेलेलं पोवळंसुद्धा आणू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पोवळी संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅगा तपासतात. ‘नेटवर्कपासून सुटका’ असं तू लिहिलंस त्यावर मला हसू आलं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली, ती लिटल अंदमानलाही पोचते. सुटका हवी तर फोन बंद करण्याचं काम तुझं तुलाच करावं लागेल. रोख मात्र भरपूर ने, तीही सुटी.

आई काळजीत आहे, पण ती अडवणार नाही, मी बोलले तिच्याशी. तिला एवढंच हवंय की प्रधानाचा आणि ज्या घरी उतरशील त्या घराचा नंबर पोचल्या पोचल्या कळव.

आता या रविवारी इंदूरजवळच्या चोरलला जा आणि तंबू एकटीने लावून बघ, अंधार पडल्यावर, टॉर्च तोंडात न धरता. जमला नाही तर पुढच्या रविवारी परत. नायलॉनची दोरी माझ्याकडे पडली आहे, रामबागेकडून जाताना घेऊन जा. मच्छरदाणी मागू नकोस, माझ्या मच्छरदाणीची भोकं मोठी आहेत.

तुझी,
मावशी