वाचक विचारतात : सोनार, टांकसाळीचे अधिकारी आणि बिशप संत एलिजियस

गेल्या अंकातील युरोपीय सुवर्णकलेवरील लेखात सातव्या शतकातील फ्रान्सचे बिशप संत एलिजियस यांचा उल्लेख केवळ एका वाक्यात आला होता. सोनार आणि नालबंद त्यांना आपले संरक्षक संत मानतात, एवढेच त्यात म्हटले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. फ्रेंच लोक त्यांना एल्वा म्हणतात. या सदरात नावाचे लॅटिन रूप वापरले आहे.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चांदीकाम चालते. हाताने काम करणारा कारागीर बिशपपदापर्यंत कसा पोहोचला? त्या काळी हे शक्य होते का? (एक वाचक, हुपरी)

उत्तर : शक्य होते, परंतु नेहमीचे मुळीच नव्हते. एलिजियस यांचा जन्म 588 च्या सुमारास लिमोज शहराजवळच्या शाप्तला या गावी झाला. घराणे गॅलो-रोमन, म्हणजे रोमन सत्ता लयाला गेल्यावरही त्या भूमीत टिकून राहिलेल्या जुन्या रहिवाशांपैकी होते. राज्य मात्र फ्रँक लोकांच्या मेरोव्हिंजियन राजांचे होते. मुलाच्या हातातील कसब ओळखून वडिलांनी त्याला लिमोजची सरकारी टांकसाळ चालवणाऱ्या आब्बो नावाच्या नामांकित सोनाराकडे शिकायला ठेवले. पुढे ते उत्तरेकडे फ्रँकांच्या राजधानीच्या मुलखात गेले, राजकोशाचा अधिकारी बोब्बो याच्या हाताखाली काम करू लागले आणि तेथून राजा दुसरा क्लोतेर याच्यापर्यंत त्यांचे नाव गेले.

ज्या प्रसंगाने त्यांचे आयुष्य पालटले, तो आपल्याला विशेष भावेल. राजाला सोन्याचे रत्नजडित आसन हवे होते आणि ते मनासारखे घडवणारा कारागीर दरबारात सापडत नव्हता. बोब्बोने एलिजियस यांचे नाव सुचवले आणि राजाने सोने तोलून दिले. काम पुरे झाल्यावर त्यांनी एक आसन राजापुढे ठेवले. राजा प्रसन्न होऊन बक्षिसाचा हुकूम देत असतानाच त्यांनी दुसरे आसन पुढे आणले आणि उरलेले सोने वाया जाऊ नये म्हणून हेही घडवले, असे सांगितले. त्यांचा चरित्रकार येथे मुद्दाम नोंदवतो की, इतर कारागीर कानशीने सोने खाल्ले, भट्टीच्या आगीने गिळले अशा सबबी सांगून माल दडवतात, तसे या माणसाने केले नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात घट आणि तूट यांविषयीचा हा संशय इतक्या नेमक्या शब्दांत वाचला की, ही कथा लिहिणाऱ्याने सोनाराचे दुकान जवळून पाहिले असावे, याची खात्री पटते.

या प्रामाणिकपणामुळे त्यांच्या हाती टांकसाळ आली, आणि ही गोष्ट केवळ चरित्रावर अवलंबून नाही. त्या काळी नाण्यावर ते पाडणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव उमटवण्याची रीत होती, आणि पॅरिस व मार्सेय येथे पाडलेली एलिजियस यांच्या नावाची सोन्याची लहान नाणी आजही उपलब्ध आहेत. क्लोतेरचा पुत्र दागोबेर 629 साली गादीवर आल्यावर ते राजाच्या अगदी निकटच्या सल्लागारांत गणले जाऊ लागले. ब्रिटनीचा शासक ज्युदिकेल याला समेटासाठी दागोबेरच्या भेटीला आणण्याची शिष्टाईही त्यांनीच केली, असे चरित्र सांगते.

बिशपपदाचा प्रश्न येथे सुटतो. क्लोतेर आणि दागोबेर यांच्या दरबारात वाढलेले अनेक तरुण अधिकारी पुढे बिशप झाले. एलिजियस यांचे जिवलग मित्र दादो ऊर्फ ऑडोएन हे त्यांपैकी एक, तर राजकोश सांभाळणारे आणि नंतर काओरचे बिशप झालेले देसिदेरियस हे दुसरे. ही बहुतेक मंडळी मोठ्या जमीनदार घराण्यांतील होती, तर एलिजियस भट्टीजवळ बसून वर आलेले होते, हाच काय तो फरक. 639 मध्ये दागोबेर वारला, न्वायों व तुर्ने या जोड-धर्मप्रांताचे बिशपपद रिकामे झाले आणि एलिजियस यांची निवड झाली. ते तोपर्यंत धर्मगुरू नव्हते. म्हणून त्यांनी व ऑडोएन यांनी घाईने दीक्षा घेण्याचे नाकारले, मधल्या पायऱ्या नियमाप्रमाणे पार केल्या आणि 641 साली रुआं येथे दोघांचाही एकाच दिवशी बिशप म्हणून अभिषेक झाला.

प्रश्न : ते गुलामांना विकत घेऊन मुक्त करीत, असे आमच्या चर्चमधील प्रवचनात ऐकले. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर त्यांनी गुलामगिरीलाच विरोध का केला नाही? (एक वाचक, वसई)

उत्तर : माझ्या मते एलिजियस यांच्या आयुष्याचा गाभा हाच आहे, आणि तो दंतकथांखाली झाकला गेला आहे. सातव्या शतकात युद्धात पकडलेली माणसे बाजारात येत. मार्सेयसारख्या बंदरांतून आणि नदीमार्गांनी त्यांचा व्यापार चाले. चरित्र सांगते की, कोठे गुलाम विकायला आले आहेत हे कळताच एलिजियस तेथे धावून जात आणि एका वेळी 20, 30, 50, कधी जहाजातून उतरणारी 100 माणसेही सोडवून घेत. त्यांत रोमन, गॉल, ब्रिटन आणि मूर लोक असत. सर्वाधिक असत ते मेंढरांसारखे हाकून आणलेले सॅक्सन. हातातला पैसा संपला की ते कमरेचा सोन्याने मढवलेला पट्टा, अंगावरचा झगा, पायातले जोडेसुद्धा देऊन टाकीत. दरबारात आले तेव्हा ते रेशमी वस्त्रे आणि रत्नजडित पट्टे वापरत असत. काही वर्षांनी त्याच माणसाच्या कमरेला साधा दोर दिसू लागला.

सुटकेची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. फ्रँक कायद्यात गुलामाला मुक्त करण्याचा एक विधी राजासमोर नाणे टाकून पार पडत असे, आणि या विधीने मुक्त झालेल्याला पूर्ण स्वातंत्र्य मिळे. एलिजियस या माणसांना राजापुढे नेत, नाणी टाकून विधी पुरा करीत आणि त्यांना मुक्ततेचा लेखी दस्त देत, म्हणजे पुढे कोणी पुन्हा हक्क सांगू नये. नंतर त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या जात : वाटखर्ची घेऊन आपल्या देशी परत जावे, एलिजियस यांच्याजवळ भावासारखे राहावे किंवा मठात प्रवेश घ्यावा. ज्याच्या नावाने नाणी पडत, त्याच माणसाने नाण्याचा हा उपयोग करावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. अशा सोडवलेल्यांपैकी तिलो नावाचा सॅक्सन त्यांच्या कार्यशाळेत सोनारकाम शिकला आणि पुढे भिक्षू होऊन तोही संत मानला गेला. काम करताना एलिजियस समोर उघडा ग्रंथ ठेवीत, म्हणजे हात चालू असताना वाचनही होई. पॅरिसमध्ये कोणी त्यांच्या घराचा पत्ता विचारला, तर लोक सांगत की, ज्या दारापुढे गरिबांची गर्दी दिसेल ते त्यांचे घर.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अवघड आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. गुलामगिरी ही संस्थाच नष्ट व्हावी, अशी मागणी त्यांनी केल्याचे चरित्रात दिसत नाही; त्या काळच्या चर्चच्या आणि मठांच्या जमिनींवरही बांधील माणसे राबत होती. एकेका माणसाला सोडवणे ही ख्रिस्ती दयेची परंपरा होती, समाजरचना बदलण्याची मोहीम नव्हती. तरी एक धागा येथे जुळतो. दुसऱ्या क्लोव्हिस राजाची राणी बाल्थिल्ड स्वतः इंग्लंडहून गुलाम म्हणून आणलेली स्त्री होती, आणि राज्याचा कारभार हाती आल्यावर तिने ख्रिस्ती बंदिवानांच्या विक्रीला मनाई केली. एलिजियस तिच्या निकटच्या बिशपांपैकी होते. 1 डिसेंबर 660 रोजी ते वारल्यावर ती धावत न्वायोंला आली आणि त्यांचा देह आपण वसवलेल्या शेल येथील मठात नेण्याची इच्छा तिने धरली. चरित्रकाराच्या मते तिरडी जागची हलेना, म्हणून त्यांना न्वायोंलाच पुरण्यात आले. त्या मनाईमागे एलिजियस यांचे उदाहरण होते, असे सिद्ध करता येत नाही. मला मात्र तसे मानावेसे वाटते.

प्रश्न : बिशप म्हणून त्यांनी नेमके काय केले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्यांचा प्रांत आजचा उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमचा काही भाग व्यापणारा होता. दक्षिणेकडील शहरांत ख्रिस्ती धर्म जुना झालेला असला, तरी शेल्ट नदीकडील फ्लेमिश आणि फ्रिशियन वस्त्यांत तो नीट रुजलेला नव्हता, आणि एलिजियस यांची बरीच वर्षे त्या मुलखात फिरून उपदेश करण्यात गेली. तत्पूर्वी, सामान्य गृहस्थ असतानाच, त्यांनी दागोबेरने दिलेल्या जमिनीवर 632 मध्ये लिमोजजवळ सोलिन्याक येथे मठ स्थापन केला होता आणि पॅरिसमधील स्वतःच्या घरात स्त्रियांसाठी मठ उघडला होता.

चरित्रात त्यांच्या तोंडी एक दीर्घ उपदेश आहे. झऱ्यांपाशी, झाडांपाशी व तिवाठ्यांवर दिवे लावून नवस करू नयेत, गुरुवार पाळू नये, गळ्यात ताईत बांधू नयेत, जानेवारीच्या आरंभी हरणाची सोंगे घेऊ नयेत आणि चंद्राला ग्रहण लागले असता आरडाओरडा करू नये, अशी बारीकसारीक बंधने त्यात येतात. 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी ऐकलेल्या वाचकाला शेवटचे बंधन वाचताना थबकायला होईल. मात्र सावधगिरी हवी. हे चरित्र मुळात ऑडोएन यांनी लिहिले असले, तरी आज उपलब्ध असलेल्या पाठावर आठव्या शतकात पुन्हा हात फिरला आहे, आणि उपदेशातील अनेक वाक्ये त्याआधी शंभर वर्षे होऊन गेलेल्या आर्लच्या बिशप सेझेरियस यांच्या प्रवचनांतून आलेली आहेत. म्हणून हा उपदेश म्हणजे न्वायोंच्या गावकऱ्यांचा जसाच्या तसा आरसा समजू नये.

त्यापेक्षा दुसरा एक प्रसंग मला अधिक विश्वासार्ह वाटतो. संत पीटर यांच्या सणाला न्वायोंजवळ लोक जुन्या रीतीचे नाच व खेळ करीत होते. एलिजियस यांनी त्यांना कडक शब्दांत रोखताच राजवाड्याचा प्रधान एर्किनोआल्ड याची माणसे चिडली आणि म्हणाली की, तू रोमन कितीही बोललास तरी आमचे रिवाज तुला उपटता येणार नाहीत. संताच्या गौरवासाठी लिहिलेल्या ग्रंथात असे उत्तर टिकून राहिले, यावरून ते तेव्हा बरेच झोंबले असावे. दरबारात मान मिळवलेला हा दक्षिणेचा माणूस आपल्याच प्रांतात मात्र परका ठरत होता.

प्रश्न : घोड्याचा पाय कापून नाल ठोकल्याची कथा खरी आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. उधळणाऱ्या घोड्याचा पाय सांध्यातून वेगळा काढून, त्याला निवांत नाल मारून तो पुन्हा जोडल्याची ही कथा मूळ चरित्रात नाही. ती काही शतकांनंतर पुढे आली. फ्लॉरेन्समधील ऑर्सानमिकेले या इमारतीवर नालबंदांच्या संघाने नान्नी दी बान्को या शिल्पकाराकडून एलिजियस यांचा पुतळा करवून घेतला, त्याच्या पायथ्याशी हाच प्रसंग कोरलेला आहे. चरित्रात घोडा येतो तो निराळ्या रीतीने : त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा घोडा नव्या बिशपने मठाधिपतीकडून काढून घेतला, तो त्याच्याकडे बिथरला आणि परत दिल्यावर पूर्ववत शांत झाला. लोहार, नालबंद, गाडीवान यांनी त्यांना आपलेसे केले ते अशा वाटेने, आणि ती परंपरा ब्रिटिश लष्कराच्या यांत्रिक दुरुस्ती दलापर्यंत येऊन पोहोचली आहे.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोनाराच्या दुकानाचे एक जुने चित्र पाहिले. ते एलिजियस यांचेच का? त्यांच्या हातची एखादी वस्तू कोठे पाहता येते? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पेत्रुस क्रिस्तुस यांचे 1449 चे ते चित्र दीर्घकाळ एलिजियस यांचे मानले जात असे. सोनाराच्या डोक्याभोवतीचे तेजोवलय मात्र नंतर कोणी तरी रंगवलेले होते. ते काढून टाकण्यात आले आहे आणि आता चित्रातील व्यक्ती ब्रूज येथील त्या काळचा सोनार असावी, असे मानतात.

त्यांचे काम फार थोडे उरले, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. तूर येथील संत मार्टिन आणि पॅरिसजवळील संत देनिस यांच्या समाधींवर त्यांनी सोन्यारत्नांचे काम केले होते. शेल येथील त्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला सोन्याचा चषक फ्रेंच राज्यक्रांतीत वितळवला गेला. त्याचे जुने चित्र तेवढे शिल्लक आहे. सेंट-देनिसच्या मठातील मोठ्या क्रुसाचीही तीच गत झाली, परंतु त्याचा एक छोटा तुकडा वाचला. सोन्याच्या बारीक कोंदणांत तामड्याचे आणि रंगीत काचेचे तुकडे बसवलेले हे जडावकाम पॅरिसमधील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहालयात पाहता येते. अखंड क्रूस कसा दिसे, हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील 1500 च्या सुमाराच्या, संत जाइल्स यांची उपासना दाखवणाऱ्या चित्रात कळते. पॅरिसच्या त्याच संग्रहालयात दागोबेरचे म्हणून ओळखले जाणारे सिंहासनही आहे. नेपोलियनने 1804 साली बूलोन्य येथे सन्मानपदके वाटताना ते वापरले होते. परंपरा ते एलिजियस यांच्या नावे सांगते. परंतु ते कांस्याचे आहे, तेव्हा क्लोतेरसाठी घडवलेल्या सोन्याच्या जोडीतील ते नव्हे.

आपण उत्तर फ्रान्सला जाणार असाल, तर बेथ्यून गावही पाहावे. 1188 च्या साथीत प्रेते उचलायला माणूस मिळेना, तेव्हा दोन लोहारांनी एलिजियस यांचा दृष्टान्त झाल्याचे सांगून त्यांच्या नावाने एक सेवामंडळ उभारले. ते मंडळ आजही चालू आहे. काळा पोशाख केलेले त्याचे सदस्य श्रीमंत-गरीब असा भेद न करता, मोबदला न घेता, गावातील मृतांना खांदा देतात.